अळणी कण्या

गुरांच्या दवाखान्यात कुत्रा घेऊन यायला आमच्याकडे लोक लाजत. बैल आणणारा छाती काढून फाटकातून शिरे. म्हैस आली तर सोबत दोन-चार शेजारी असत. कुत्रा आणणारा माणूस मात्र आधी फाटकाबाहेर उभा राही, गर्दी ओसरू देई आणि मग म्हणे, "इकडून चाललोच होतो जी, म्हटलं याले दाखवून टाकावं." त्यातले कित्येक जण खास त्याच कामासाठी उन्हातान्हात पायी आलेले असत.

सौंसर आणि पांढुर्णा या दोन गावांत माझी बरीचशी नोकरी झाली. पाटी गुरांच्या दवाखान्याची होती आणि सरकारच्या लेखी माझं काम बैल, गाई, म्हशी, फऱ्या, घटसर्प असले रोग आणि लशी हेच होतं. ते मी केलंच. पण दिवाळी अंकासाठी काही लिही म्हटल्यावर मला बैल आठवले नाहीत. आठवली ती काही कुत्री, आणि त्यांनी काय खावं यावरून झालेले वाद.

माझे वडील लोधीखेड्याला जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचा वरचा वर्ग पाहिलेला नव्हता. गावच्या गुरुजींनी हट्ट धरला म्हणून शिकलो आणि जबलपूरला जाऊन पशुवैद्य झालो. आई म्हणाली, "एवढं शिकून पुन्हा ढोरातच?" पण शेजारच्यांची अडलेली गाय मी पहिल्यांदा सोडवली, तेव्हा गरम पाणी आणून तिनंच माझे हात कोपरापर्यंत धुतले. त्या दिवसापासून तिनं तो प्रश्न विचारला नाही.

लोकांना वाटतं, डॉक्टर म्हणजे सुई. ताप आला, जखम झाली, तर ते खरंही आहे. पण काही आजार बरे होत नाहीत, नुसते सांभाळावे लागतात. त्यात औषधाचा वाटा थोडा आणि भाकरीचा मोठा. मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याला मांस-डाळ कमी करून भात आणि थोडं तूप द्यायचं. तेच तूप यकृत बिघडलेल्याला आधी बंद करायचं. हृदय दमलं असेल तर मीठ तोडायचं आणि एकदम पोटभर न देता थोडं थोडं चारायचं. हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. पुस्तकात नव्हतं ते एवढंच, की आमच्याकडे कुत्रा एका घरचा नसतो.

सौंसरच्या एका किराणा दुकानदाराच्या कुत्रीला मी नुसता भात सांगितला. घरच्यांनी तो इमानानं दिला. कुत्री मात्र ओकत राहिली. शेवटी कळलं, की भात खाऊन ती गल्लीत फिरायला निघे आणि प्रत्येक दारात तिच्यासाठी काढून ठेवलेला तुकडा असे. कुठं डाळ, कुठं हाडूक, कुठं शिळं पिठलं. मग मी दारोदार जाऊन हात जोडून सांगत फिरलो, की हिला काही देऊ नका. नव्या निवडणुकांचे दिवस होते, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे. एका म्हातारीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे बाप्पा, पण तुमची पेटी कोणती?"

तेव्हापासून मी कुत्रा तपासण्याआधी विचारायला लागलो, हा कोणाकोणाच्या हातचं खातो?

पांढुर्ण्याच्या स्टेशनात एक मास्तर होते. एकटा जीव. त्यांच्या कुत्र्याला मधुमेह झाला. त्या काळी कुत्र्याला इन्सुलिन टोचणं म्हणजे गावाला हसायला विषय, पण मास्तर नागपूरहून बाटल्या मागवत आणि माठाच्या गारव्याला ओल्या फडक्यात ठेवत. सुई टोचायला मीच त्यांना शिकवलं. या आजारात सुई आणि जेवण यांची गाठ बांधलेली असते. सुई झाली आणि पोटात अन्न नाही, तर साखर एकदम उतरते. म्हणून मी बजावलं, की मास्तर, वेळ पाळा.

पावसाळ्यात एका दुपारी त्यांचा माणूस धावत आला. जाऊन बघतो तर कुत्रा फलाटावर पडून थरथरतोय. मी गुळाचं पाणी त्याच्या हिरड्यांना चोळलं, चोळत राहिलो, तेव्हा कुठे त्यानं मान उचलली. मग मास्तरांना विचारलं, की याला जेवण का नाही दिलं?

"पॅसेंजर यायची हाय ना अजून," ते म्हणाले. "सुई घड्याळावर देतो. जेवण पॅसेंजर गेल्यावर."

"आणि गाडी उशिरा आली तर?"

"तुम्हीच म्हणाले, वेळ पाळा. स्टेशनात वेळ म्हणजे गाडीच असते डाक्टर, दुसरी कोणती असते?"

त्यानंतर सुईही गाडीशी बांधली. गाडी दिसली की आधी जेवण, लगेच सुई. पुढे कुत्र्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो आंधळा झाला. तरी पॅसेंजरची शिटी लांबून वाजली, की उठून उभा राही आणि मास्तरांच्या खोलीकडे तोंड करी. मास्तर मला म्हणाले होते, "माझी वाट बघणारं स्टेशनात हे एकच पॅसेंजर." पुढे त्यांची बदली झाली. आंधळ्या कुत्र्याला नव्या जागी न्यावं की नाही, यावर आम्ही पुष्कळ बोललो. त्यांनी नेलं. तिथं मेल गाड्या थांबत नसत, नुसत्या शिट्या मारून जात. कुत्रा दर शिटीला उठे आणि जेवण येत नसे. मास्तरांनी हे मला कळवलं, त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

आता टिक्याचं सांगतो. हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

सौंसरबाहेर, जामसांवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, गणपतराव नावाच्या शेतकऱ्याची संत्र्याची बाग होती. घरात ते आणि त्यांची बायको कौसाबाई. एकुलता मुलगा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. टिक्या हा त्यांच्या बागेचा राखणदार, काळा कुत्रा, कपाळावर पांढरा ठिपका. दिवाळीनंतर संत्र्याचा हंगाम चालू असताना गणपतरावांनी त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. पोट पखालीसारखं फुगलेलं, पाय काटकुळे, चार पावलं टाकली की धाप. हृदय थकलं होतं आणि पोटात पाणी साचत होतं. मी सुईनं थोडं पाणी काढलं, हृदयासाठी डिजिटॅलिसच्या गोळ्या दिल्या, लघवी सुटण्याचं इंजेक्शन दिलं आणि म्हणालो, "आता याला मीठ बिलकुल नाही. जन्मभर."

गणपतराव म्हणाले, "दुसरं काहीही सांगा जी. मीठ कसं तोडू?"

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. बागेसाठी पिल्लू आणलं की घरधन्यानं तळहातावर मिठाची भाकर ठेवून ती त्याला चारायची. त्या घासानं तो घरचा होई. मग दर पोळ्याला, बैलांची ओवाळणी झाली की पुन्हा एक मिठाचा घास.

"अन् ज्या साली घास चुकला, त्या साली कुत्रा मोकळा," ते म्हणाले. "त्याले जिकडं जायचं तिकडं जावं. म्हातारा झालेला कुत्रा असाच काढत लोक. मारत नाही, हाकलत नाही. पोळ्याले नुसता घास देत नाही. मी टिक्याले असं काढू?"

कौसाबाई गाडीजवळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डाक्टर, याचं पोट पाह्यलं, तसे यायचे पायही पाहा जरा. लेकाची जुनी चप्पल घालून राहिले, सोताची बसत नाही म्हणून."

मी वाकून बघितलं. गणपतरावांच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. मी माणसांचा डॉक्टर नाही, हे सांगून मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, की मीठ बंद.

दुसऱ्या दिवशी दोघं परत माझ्याच दारात.

"दोघायचं एकच सांगून द्या," कौसाबाई म्हणाल्या. "मले दोन चुली नाही पेटवता येत."

"मी कुत्र्याच्या डाक्टरचं औषध खाऊ?" गणपतराव म्हणाले.

"औषध कुठं, जेवण हाय ते. अन् तो बिचारा मुका असून खाईल. तुमाले तं जीभ हाय, बोंबलत खा."

ते हसले. "चाला. त्याले अळणी अन् मी खारट, असं तरी नाही होणार. पण पोळ्यापर्यंत. पोळ्याले रीत होईल."

मी म्हटलं, पोळा लांब आहे, तेव्हाचं तेव्हा बघू.

अळणी खाणं कुत्र्यालाही आवडत नाही. पण कुत्रा जिभेआधी नाकानं जेवतो, हे ध्यानात ठेवलं की निम्मं काम होतं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, कोमटच द्यायच्या, वर भाकरीचा खरपूस भाजलेला काठ कुस्करून टाकायचा. अधूनमधून अंडं किंवा बिनमिठाच्या पाण्यात शिजवलेलं मटण. मीठ एकदम न तोडता रोज थोडं कमी करत आणायचं. कौसाबाईंनी हे सगळं एकदा ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. वर स्वतःची भर घातली. कण्यांत जिऱ्याची फोडणी आणि गणपतरावांच्या ताटात लिंबाची फोड.

त्या उन्हाळ्यात मी अनेकदा त्यांच्याकडे गेलो. संत्र्याच्या सावलीत खाट टाकलेली असे. एकाच गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, कण्या, अर्ध्या गणपतरावांच्या ताटात, अर्ध्या टिक्याच्या मातीच्या परळात. कौसाबाई त्यांच्यासोबत जेवायला बसत नसत. त्या आत चुलीपाशी, दाराआड, आपली भाकर आणि ठेचा खात.

"ऐकून राहिले का डाक्टर?" गणपतराव मुद्दाम मोठ्यानं म्हणत. "आत मीठ वाजून राहिलं. आमी दोघं इथं उपाशी अन् ही चोरून खाऊन राहिली."

"सासरी आल्यापासून पहिल्यांदा बसून जेवते हो मी," आतून आवाज येई. "खाऊ द्या."

टिक्याचं पोट उतरलं. तो पुन्हा बागेच्या कुंपणापर्यंत जाऊ लागला, पळत नसला तरी चालत. गणपतरावांच्या पायात त्यांची स्वतःची चप्पल बसायला लागली. मुलगा आला की ते त्याला पाय दाखवत आणि म्हणत, "हे पाहा, ढोराच्या डाक्टरनं केलं." माझ्या सगळ्या नोकरीत एवढा मोठा मान मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

राज्यं नव्यानं आखायची चर्चा त्याच वर्षी जोरात होती. नागपूर तिकडे, मुंबईच्या राज्यात, जाणार, आपण इकडेच राहणार, हे हळूहळू नक्की होत गेलं. आमची संत्री नागपूरला जात, आमच्या लेकी तिकडे दिलेल्या, आमची औषधं तिकडून येत. मुलाच्या कचेरीत कोण कुठे जाणार यावर रोज वाद चालत. त्याला मुंबईला जावं लागेल अशी चिन्हं होती. गणपतराव म्हणत, "मी खाटेवरून उठलो नाही अन् पोरगा दुसऱ्या राज्यात चालला."

मग पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी आमच्या खात्याच्या माणसाला फुरसत नसते. लोक प्रेमानं बैलांना इतक्या पुरणपोळ्या चारतात, की संध्याकाळपर्यंत फुगलेले बैल दवाखान्यात यायला लागतात. मी पांढुर्ण्याला होतो. दुसऱ्या दिवशी सावरगावशी होणारी गोटमार, दोन गावांची दगडफेकीची जत्रा, म्हणजे निघणं अशक्य. मी निरोप धाडला होता, की घास देऊ नका. निरोप पोचला होता. सौंसरला परतल्यावर सरळ बागेत गेलो.

गणपतरावांनी घास दिला होता.

"लोक उभे होते ना डाक्टर," ते म्हणाले. "साऱ्यायचे बैल आलेले. मी हात मागे घेतला असता, तं अर्थ एकच होता. इतके दिवस माह्यासंगं अळणी खाल्लं त्यानं. त्याले मी चारचौघांत मोकळा करू?"

"आणि तुम्ही?"

"त्याच हातानं मीही खाल्ला. ठरलंच होतं, जे त्याले ते मले."

एका घासानं पोटात पाणी भरत नाही. मी तसं त्यांना सांगितलंही. पण एका घासानं जीभ जागी होते. टिक्या कण्यांच्या परळाजवळ जाई, हुंगे आणि परत फिरे. गणपतराव खात, पण आता त्यांना लिंबानं भागेना. कौसाबाई आत गेल्या की ते मिठाच्या मडक्याकडे जात, आणि आपण खाल्लं तर कुत्र्यालाही द्यावं, या न्यायानं बोटावरचं थोडं टिक्यालाही चाटवत. कौसाबाईंनी मडकं लपवलं. ते शेजारच्या बागेतून आणू लागले. दोघांची सूज परत आली.

टिक्याची इंजेक्शनं संपली होती. नवी मागणी कोणत्या कचेरीकडे करायची, हे कोणाला सांगता येत नव्हतं. जुनी कचेरी म्हणे, आता तुम्ही आमचे नाही. नवी अजून उघडायची होती. मी नागपूरच्या एका मित्राकडून थोडी मागवली आणि ती बसच्या कंडक्टरच्या हाती आली. गणपतरावांच्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण गणपतरावांचं हृदय या वेळेला सावरलं नाही. नवं राज्य झालं त्या दिवसांतच ते गेले. मुलगा आला, सगळं केलं आणि तेरवी उरकली की त्याला मुंबईला हजर व्हायचं होतं.

तेरवीला मी गेलो. कौसाबाईंनी स्वयंपाक स्वतः केला होता. गणपतरावांच्या नावाचं पान वाढलं तेव्हा त्यांनी वरण, भाजी, वडे सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पानाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वेगळं ठेवलं. "लई दिवस अळणी खाल्लं त्यायनं," एवढंच म्हणाल्या.

टिक्या अंगणात पडून होता. पोट पुन्हा फुगलेलं. दिरांपैकी एक म्हातारे गृहस्थ मिठाची भाकर घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "वहिनी, घरधनी गेला. आता तुमच्या हातचा घास द्या लागते त्याले. नाही तं तो मोकळा झाला."

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं मी पूर्वीच बोललो होतो आणि आता ते घर त्यांचं होतं.

त्यांनी भाकर हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि चुलीत टाकली.

"मोकळा तं मोकळा," त्या म्हणाल्या. "जायचं असंल तं जाईल. माह्या हातानं त्याच्या पोटात पाणी नाही भरणार मी."

मग त्या टिक्यासमोर जाऊन बसल्या आणि फाटकाकडे हात करून म्हणाल्या, "जाय बावा. कोणाचा नाही तू आता."

टिक्या गेला नाही. कण्याही खाल्ल्या नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बघितलं, कौसाबाई संत्र्याखाली, गणपतरावांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून टिक्यासमोर त्याच गंजातल्या कण्या खात होत्या. त्यांनी घास घेतला, की तोही एक घेई. त्या थांबल्या की तो थांबे.

"एकट्यानं नाही खात," त्या म्हणाल्या. "सवय लावून ठेवली यायनं."

टिक्या संत्र्याला पुन्हा फूल येईपर्यंत जगला. पुस्तकाच्या हिशेबानं तो इतका जगायला नको होता. कुंपणाचं फाटक त्या सगळ्या काळात त्यांनी एकदाही लावलं नाही.

पुढे माझ्या बदल्या झाल्या. कागदपत्रं हिंदीतून येऊ लागली, मीही हिंदीतून लिहू लागलो. कुत्र्यांसाठी डब्यातलं तयार खाणं आलं, त्यावर आजाराचं नाव छापलेलं असतं म्हणतात. चांगलंच आहे. आम्हाला ते मिळालं असतं तर किती कुत्री अजून काही काळ काढती, हे मनात येतं. पण परळासमोर कोणी बसावं, ते डब्यावर छापता येत नाही.

निवृत्तीच्या आधी काही कामानं सौंसरला गेलो, तेव्हा बागेत डोकावलो. कौसाबाई खूप थकल्या होत्या, पण ताठ चालत होत्या. मुलगा मुंबईलाच. बाग वाट्यानं दिलेली. बागेत कुत्रा नव्हता. "जेवल्याबिगर जाऊ नका," त्या म्हणाल्या आणि चूल पेटवली. ठेचा नव्हता. गरम भाकर, पिठलं, वांग्याची भाजी. माझ्या समोरच, दाराआड न जाता, त्यांनी आपलंही ताट घेतलं.

मी पहिला घास घेतला. पिठल्यात मीठ नव्हतं. भाजीतही नव्हतं, भाकरीतही नव्हतं. त्या शांतपणे जेवत होत्या, जसं सगळं जिथल्या तिथं आहे. मधेच त्यांनी विचारलं, "बराबर झालं ना, डाक्टर? आता चव सांगणारं कोणी नाही."

मी म्हटलं, "बरोबर झालंय, बाई. थोडं पिठलं अजून वाढा."